भरवण्यात नापास

लेखी परीक्षेत ती वर्गात दुसरी आली, तोंडी परीक्षेत पास झाली आणि भरवण्यात नापास झाली.

निकाल कॉलेजच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लावला होता. आरोग्य आणि सामाजिक सेवा, एक वर्षाचा अभ्यासक्रम. प्रात्यक्षिकाच्या रकान्यात तिच्यापुढे 'पुन्हा' एवढाच शब्द होता. तिने तो वाचला, पर्समधून चष्मा काढला आणि परत वाचला.

"मावशी, तू? भरवण्यात?" मागून आवाज आला. ही मुलगी वर्गात सगळ्यात लहान. सगळे तिला रेडिओ म्हणत, कारण सकाळी एकदा सुरू झाली की कॉलेज सुटेपर्यंत ती बंद होत नसे. "मी पास आणि तू नापास? अगं, माझ्या हातून आमची मांजरसुद्धा खात नाही."

"लिहिण्यात चूक झाली असेल."

"कोणाच्या, बाईंच्या? बाईंच्या हातून चुका होत असत्या तर अर्धा वर्ग पहिल्या सहामाहीतच सुटला असता."

तिने चष्मा घडी करून ठेवला. वर्गात ती सगळ्यात मोठी, चाळिशी ओलांडलेली, म्हणून सगळ्यांची मावशी. वर्गातल्या बाकीच्या मुली चमचा धरायला इथे शिकल्या होत्या. तिने मात्र शाळेत जायच्या आधीपासून भावाला भरवलं होतं.

भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. जन्मतानाच त्याच्या मेंदूला इजा झाली. पाय कधी चालले नाहीत, डावा हात छातीशी आखडलेला, उजवा थोडाफार हलायचा पण नेम नसायचा. बोलणं नाही. समजायचं मात्र सगळं, आणि विनोद तर इतरांच्या आधी समजायचा. घरात त्याला बाळ म्हणत. दाढी आली तरी बाळ, कानापाशी केस पिकले तरी बाळ. आई आणि ती, दोघी मिळून त्याचं सगळं करायच्या. तिचं लग्न झालं ते दोन गल्ल्या पलीकडे, मुद्दाम. सकाळचं भरवणं आईकडे, संध्याकाळचं तिच्याकडे, असं ते वर्षानुवर्षं चाललं.

मग आई आजारी पडली आणि हॉस्पिटलातून परत आली नाही. त्या धावपळीत बाळला शहराच्या टोकाला असलेल्या निवासी संस्थेत ठेवलं होतं, तात्पुरतं. त्या तात्पुरत्याला आता दोन वर्षं होत आली होती.

त्याला घरी आणायचं तर संस्थेच्या दोन अटी होत्या. पूर्वी काही नातेवाईकांनी माणसं हौसेने घरी नेली आणि पाठीला जखमा झाल्यावर परत आणून सोडली, तेव्हापासूनचा हा नियम. घरी जो सांभाळणार त्याने हा कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, ही पहिली अट. ज्याला न्यायचं त्याला स्वतःला विचारायचं, ही दुसरी. दुसऱ्या अटीकडे तिने अट म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. बाळला काय विचारायचं? ती भेटायला गेली की त्याचा सगळा चेहरा उजळायचा आणि निघाली की मान दाराकडे वळायची ती वळलेलीच राहायची.

ती मान तिच्या डोळ्यांपुढून हलत नसे. शाळेच्या ऑफिसातली नोकरी तिने अर्ध्या वेळेची करून घेतली, कॉलेजात नाव घातलं आणि बसमध्ये बसून हाडांची, स्नायूंची नावं पाठ केली. संध्याकाळ झाली की तिचे हात अजूनही रिकामे वाटायचे. सात वाजत आले की ती उगाच स्वयंपाकघरात जायची, वाटी काढायची, परत ठेवायची. नवरा ते बघायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

आणि आता हे.

बाई प्रात्यक्षिकाच्या खोलीत चादरी मोजत होत्या. बाई म्हणजे इथल्या मुख्य शिक्षिका. आयुष्य वॉर्डात काढलेल्या, बुटक्या, आवाज न चढवता ओरडू शकणाऱ्या. खोलीत चार पलंग होते, दोन चाकाच्या खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यातल्या पलंगावर प्लास्टिकचा पुतळा झोपलेला होता. मुली त्याला सासरेबुवा म्हणत, कारण रोज आंघोळ घालून, कूस बदलून, पाठीला पावडर लावूनही तो कधी बरं म्हणत नसे.

"बाई, माझ्या निकालात काहीतरी—"

"काहीच नाही. बरोबर आहे. बसा." बाईंनी चादरीची घडी सरळ केली. "परीक्षेच्या दिवशी तुमच्यासमोर ही मुलगी रुग्ण म्हणून बसली होती." ही म्हणजे रेडिओ, जी न बोलावता दारात येऊन उभी होती. "तिनं बोलायचं नाही, फक्त बघून सांगायचं, असं ठरलं होतं. तुम्ही तिला विचारलंत, केळं की दही. विचारताना तुम्ही कुठे बघत होतात?"

"तिच्याकडे."

"केळ्याकडे. तुम्ही केळ्याकडे बघितलंत, म्हणून तिनं बघितलं. तुम्ही विचारलं नाहीत, सांगितलंत."

"पण तिला केळंच हवं होतं, बाई."

"हवं होतं," रेडिओ म्हणाली. "दही आंबट होतं, वासच येत होता."

"तू आत ये नाहीतर बाहेर जा, उंबऱ्यावर राहू नकोस." बाई परत मावशीकडे वळल्या. "असेल. तुमचा अंदाज शंभरात नव्वद वेळा बरोबर येणार. तोच तुमचा रोग आहे. समोरच्याला भूक लागायच्या आधी तुमचा चमचा तयार. तोंड खराब व्हायच्या आधी पुसलेलं."

"मावशीनं पुसून पुसून माझ्या गालाचं पॉलिश काढलं, बाई."

 रागाने तिचे कान तापले होते. या बाईंनी हजार लोकांना भरवलं असेल, पण पाळीपाळीने, पगार घेऊन. एकाच माणसाला आयुष्यभर भरवण्यातलं यांना काय कळणार?

बाईंनी बहुतेक ते कानांवरूनच ओळखलं. "खुर्चीत बसा," त्या म्हणाल्या. "हात पट्ट्यात घाला. आता तुम्हाला बोलता येत नाही."

बाईंनी कपाटातून वाटी काढली, कालचं उरलेलं केळं दह्यात कुस्करलं आणि तिला भरवायला लागल्या. हुबेहूब तिच्यासारखं. प्रेमळ चेहरा, मान थोडी कललेली, तोंडाने बारीक आवाज काढत. पहिला घास बरा गेला. दुसरा गिळायच्या आधी तिसरा ओठांशी आला होता. तोंडाच्या कडेला काही लागलं असं वाटेपर्यंत रुमाल येऊन गेला. तिने मान वळवली तर चमचाही वळला. तिला ठसका लागेलसं वाटलं, लागला नाही. बाई इतक्या सफाईने करत होत्या की तक्रारीला जागाच नव्हती. वाटी संपली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. पट्टे सोडल्यावर तिने आधी स्वतःच्या हाताने तोंड पुसलं, पुसायची काही गरज नसताना.

"मी वाईट वागले?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"प्रेमानं भरवलं की नाही?"

"हो."

"मग?"

"मला मध्ये एकदा काहीतरी सांगायचं होतं."

"काय?"

"काही विशेष नाही. दही खरंच आंबट आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोर स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. "विचारायचं. मग हात मांडीवर. स्वतःचे हात, स्वतःच्या मांडीवर. नजर समोरच्या माणसावर, वस्तूवर नाही. तो उत्तर देईपर्यंत हात तिथून उचलायचे नाहीत. कितीही वेळ लागो. एवढंच शिका. बाकी तुम्हाला सगळं येतंय."

हे शिकायला तिला बाकी सगळ्या अभ्यासक्रमाहून जास्त त्रास झाला. हात तिचं ऐकेनात. रेडिओला समोर बसवून ती सराव करायची. रेडिओही बेरकी, मुद्दाम छताकडे बघत बसायची. "अजून ठरवतेय, मावशी. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या उत्तराची वाट बघतंय, मजा घेऊ दे की."

घरीही ती सराव करायची. एकदा तिने नवऱ्याला विचारलं, "चहा की कॉफी?" आणि मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसली.

नवऱ्याने पेपर खाली केला. तो एका दुकानाची माल पोचवणारी व्हॅन चालवायचा आणि सुटीच्या दिवशी पेपर शेवटच्या पानापासून वाचायचा. "काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "कोणी गेलं का?"

"कोणी नाही गेलं. चहा की कॉफी?"

"अगं, एवढ्या वर्षांत मी कॉफी कधी प्यायलो?"

"मी कधी विचारलं का?"

तो विचारात पडला. "नाही," तो म्हणाला. "दे मग कॉफी. बघू तरी."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. बाईंनी फक्त मान हलवली. दाखला हातात पडला त्याच आठवड्यात, एका कामाच्या दिवशी, ती ऑफिसातून लवकर निघून संस्थेत गेली. कोणाला कळवलं नव्हतं. एरवी ती रविवारी दुपारी जायची, डबा घेऊन, आणि बाळला त्याच्या खोलीत बसून भरवायची. जेवणाच्या हॉलमध्ये तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी खोली रिकामी होती, म्हणून ती आवाजाच्या दिशेने गेली. हॉलचं दार काचेचं होतं.

आत लांब टेबलं होती. एका टेबलाच्या टोकाला, खिडकीशी, बाळ बसला होता. उजव्या पंजाला रुंद पट्टा बांधलेला, पट्ट्यात जाड मुठीचा चमचा खोवलेला. ताटलीची एक कड उंच होती. तो चमचा कडेवर टेकवायचा, ढकलायचा, थरथरत वर आणायचा. कधी अर्धं सांडायचं, कधी सगळं. गळ्यात मोठा रुमाल होता आणि त्यावर डाग होते. हनुवटी माखलेली होती आणि कोणी ती पुसत नव्हतं. बाजूला एक सेविका बसली होती, स्वतःचं जेवत. समोर एक टकला माणूस चाकाच्या खुर्चीत होता. तो काहीतरी बोलला. बाळने चमचा हवेतच थांबवला, मान मागे टाकली आणि हसला. तोंडातलं बाहेर आलं. टकला ओरडला, "दादा, अंगावर नको! कालचंच अजून धुतलं नाहीये!" यावर तो आणखी हसला.

दादा. तिला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कोणाला हाक मारली.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. पुढचा घास मात्र तिने पूर्ण बघितला. चमचा वर येताना तिच्या नकळत तिचंच तोंड उघडलं होतं. घास आत गेला. बाळने ओठ मिटले, चावलं, गिळलं आणि खिडकीबाहेर बघितलं. घाई कोणालाच नव्हती.

मग तिने दार ढकललं.

त्याने तिला बघितलं. चेहरा नेहमीसारखा उजळला. हात हळूहळू खाली आला, चमचा ताटलीत टेकला. आणि त्याने तोंड उघडलं. पक्ष्याच्या पिल्लासारखं, मान वर करून, तिच्यासाठी.

सेविका उठून उभी राहिली. "अरे दादा, हे काय? ताई आल्या म्हणून लगेच लाडात?"

तो तोंड उघडं ठेवून तिची वाट बघत राहिला. तिने पुढे होऊन चमचा पट्ट्यातून काढला, भरला आणि त्याला भरवलं. त्याने नेहमीसारखं, सवयीने, मुकाट्याने खाल्लं. उरलेली ताटली थोड्याच वेळात संपली. हनुवटी स्वच्छ झाली. समोरचा टकला माणूस या वेळात एक शब्द बोलला नाही.

अधीक्षक मॅडमच्या खोलीत तिने दाखला टेबलावर ठेवला. मॅडमनी अभिनंदन केलं, पाणी दिलं.

"तो हाताने कधीपासून जेवतो?"

"वर्ष झालं असेल. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, ताई."

सांगितलं होतं. तिला आठवलं. माणसं कमी असतील, म्हणून असंच चमचा हातात देऊन सोडत असतील, असं तेव्हा तिला वाटलं होतं आणि त्या रविवारी तिने एक डबा जास्त नेला होता.

"आणि दादा कोण म्हणायला लागलं?"

"इथे आल्यावर आम्ही सगळ्यांना विचारतो, काय म्हणू. चार-पाच शब्द म्हणून दाखवले, दादावर त्यांनी हो केलं." मॅडमनी दाखला फाइलमध्ये ठेवला. "पुढच्या रविवारी समितीचे एक सभासद येतात. त्यांच्यासमोर दादांना विचारू. हो म्हणाले तर त्याच दिवशी न्या, आधी महिनाभरासाठी. विचारायचं तुम्हीच. त्यांचं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तो माझ्यासाठी तोंड उघडतो. भुकेनं नाही. मला बरं वाटावं म्हणून."

"मी पण तेच करतो," नवरा म्हणाला. "फरक एवढाच, की मी बंदही तुझ्यासाठीच करतो."

ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. नवऱ्याने पेपर बाजूला ठेवला. "अगं, मग हातानं जेवेल की इथे. तसला चमचा आणू, तसली ताटली आणू. सांडू दे सगळीकडे. आणायचं की नाही, एवढं सांग."

"आणायचं."

"मग झालं तर."

मागची खोली त्यांनी आधीच मोकळी केली होती. पलंग खिडकीशी, दार चाकाची खुर्ची जाईल इतकं रुंद करून घेतलेलं. आता त्या खोलीचा फोटो काढायचा होता. न बोलणाऱ्याला विचारायचं तर दोन्ही जागा त्याच्यासमोर ठेवायच्या, हे ती कॉलेजात शिकली होती. तिने पलंगावर स्वच्छ चादर घातली, एक फोटो काढला. मग कपाटातून आईची शाल काढली, ती पायथ्याशी पसरली आणि आणखी एक काढला. संस्थेतल्या त्याच्या खोलीचा फोटो मॅडमकडून आला. कोपऱ्यातल्या दुकानातून तिने तिन्ही मोठे करून घेतले.

कुठला न्यायचा याचा तिने रविवारपर्यंत विचार केला. शाल दाखवणं म्हणजे केळ्याकडे बघणंच. पण शाल खोटी नव्हती. तो घरी आला तर ती शाल खरोखरच त्याच्या पायथ्याशी असणार होती. रविवारी सकाळी तिने शालीचा फोटो पिशवीत टाकला आणि दुसरा घरीच ठेवला.

नवऱ्याने व्हॅन धुतली होती. मागची जागा रिकामी करून तिथे गाद्या अंथरल्या होत्या, खुर्ची बांधायला पट्टे लावले होते. "मी इथेच थांबतो," तो फाटकापाशी म्हणाला. "तुम्ही दोघं आलात की दार उघडतो."

मॅडमच्या खोलीत बाळची खुर्ची टेबलापाशी आणली होती. त्याच्यावर दडपण नको म्हणून मॅडम त्याच्या पाठीमागे, भिंतीशी उभ्या राहिल्या. समितीचे सभासद म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, बाजूच्या खुर्चीत हातात टोपी घेऊन बसले होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी बाळला नमस्कार केला, बाळ हसला.

ती समोर बसली. दोन्ही फोटो तिने टेबलावर उभे केले, एकमेकांपासून चांगलं अंतर ठेवून.

"बाळ," ती म्हणाली. मग थांबली. "हे इथलं, तुझी खोली. हे आमचं घर, मागची खोली. तुला कुठे राहायचंय?"

तिने हात मांडीवर ठेवले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

तो आधी तिच्याकडेच बघत राहिला. ती नजर तिला पाठ होती. तो तिच्या डोळ्यांत शोधत होता, तिला काय हवंय ते. तिने चेहरा जमेल तितका कोरा ठेवला. तिच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हातात रुतलं होतं.

मग त्याची मान हळूहळू वळली, घराच्या फोटोकडे. तिथे थांबली. त्याला शाल दिसली. तिला ते त्याच्या ओठांवरून कळलं. तो आईला हाक मारायचा तेव्हा जो आवाज काढायचा, तोच त्याने अगदी बारीक काढला. तो फोटोकडे बघत राहिला.  त्याचे डोळे भरले आणि तो बघतच राहिला.

काकांनी टोपी मांडीवर ठेवली. "बघा, किती वेळ बघतायत," ते हळू आवाजात म्हणाले.  "मॅडम, यात आता विचारण्यासारखं काय उरलं? रक्ताचं नातं शेवटी."

"मला इथून डोळे दिसत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "ताई, काय म्हणतायत ते?"

तिने त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

बघणं म्हणजे हो नव्हे. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बाळ हवं त्या वस्तूकडे बघतो, मग तुमच्याकडे येतो, आणि सावकाश एकदा डोळे मिटतो. ते त्याचं हो. तो फोटोकडे बघत होता, पण तिच्याकडे आला नव्हता. आईला बघत होता तो. काकांना हे ठाऊक नव्हतं. मॅडमना डोळे दिसत नव्हते. फाटकापाशी व्हॅन उभी होती आणि तिने नुसतं 'घरी' म्हटलं असतं तर कोणी दुसरा प्रश्न विचारला नसता. तोही नसता. मान वर करून तो तिच्याबरोबर आला असता आणि रोज, न चुकता, तोंड उघडलं असतं.

"अजून सांगितलं नाही त्याने," ती म्हणाली.

"आणखी काय सांगायचं?" काका म्हणाले.

"थांबा जरा."

बाळने नजर फोटोवरून काढली. ती टेबलावरून सरकत दुसऱ्या फोटोपर्यंत गेली. अरुंद पलंग, भिंतीवर लावलेला पट्ट्याचा चमचा, खिडकी. तिथे तो फारसा थांबला नाही. तिथून थेट तिच्याकडे आला. डोळे ओले होते. सावकाश, पूर्ण, एकदा मिटले.

तिने फोटोंच्या जागा बदलल्या. कॉलेजचा नियम तसा होता. जागा बदलून परत विचारायचं, म्हणजे माणूस फोटो निवडतोय की बाजू, ते कळतं. तिचा आवाज आता बरा नव्हता, पण तिने तेच शब्द त्याच क्रमाने विचारले आणि हात परत मांडीवर घेतले.

या वेळी त्याने तिच्या चेहऱ्यावर काही शोधलं नाही. शालीकडे एकदा बघितलं. मग आपल्या खोलीकडे, मग तिच्याकडे, आणि डोळे मिटले.

"इथे," ती म्हणाली. "इथे म्हणतोय तो."

काका बुचकळ्यात पडले. "तुम्हाला खात्री आहे? मी तर इथेच बसून बघत होतो."

"हो. खात्री आहे."

मॅडम भिंतीपासून पुढे आल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर कोणीतरी दारावर थाप मारली. "दादा, झालं का? सामना सुरू होतोय, जागा धरून ठेवलीय." टकल्या माणसाचा आवाज होता. बाळचं सगळं अंग दाराकडे वळलं आणि मग, आठवल्यासारखं, परत तिच्याकडे.

"जा," ती म्हणाली. "मी येईन रविवारी." आणि जरा थांबून, "येऊ ना?"

तो तिच्याकडेच बघत होता. त्याने डोळे मिटले.

शालीचा फोटो तिने त्याच्या मांडीवर ठेवला. सेविकेने खुर्ची फिरवली. जाताना त्याची मान मागे वळली नाही. दारातून खुर्ची नीट जातेय ना, तिकडे त्याचं लक्ष होतं.

फाटकाबाहेर नवरा व्हॅनच्या मागच्या दाराला टेकून उभा होता. तिला एकटीला येताना बघून त्याने टेकणं सोडलं. तिच्या मागे बघितलं, मग तिच्याकडे. काही न विचारता त्याने मागचं दार लावलं, पुढच्या सीटवरचे पट्टे आणि कागद मागे टाकले आणि तिला जागा करून दिली.

"बस," तो म्हणाला. "कुठे जायचं? घरी?"

"एवढ्यात नको."

"मग?"

"इथेच थांबू या थोडा वेळ."

त्याने किल्ली परत काढून घेतली. कुंपणापलीकडे हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या. आत टीव्हीवर कोणीतरी सामन्याचं वर्णन करत होतं, मध्येच सगळ्यांचा एकदम ओरडा उठत होता आणि त्यामागून हसणं. तिने काच खाली केली आणि कान देऊन ऐकू लागली. गर्दीत, बाजारात, हॉस्पिटलच्या लांब बोळातसुद्धा तिला बाळचा आवाज आजवर बरोबर कळत आला होता. आता एवढ्या आवाजांमधून त्याचा कुठला, ते तिला ओळखता येईना.

"दिसतोय का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण आहे तिथे."

आत पुन्हा ओरडा झाला. ती खिडकीकडे आणखी झुकली.